एका नारळासाठी थांबलेलं जहाज

सिंगापुरात राहून समुद्राशी अबोला धरणं सोपं नाही. बेट केवढंसं, तर कुठल्याही बसमध्ये बसा, दुपारच्या चहाआधी कुठूनतरी पाणी दिसणारच. तरी माझ्या सासूबाईंनी हा अबोला एकवीस वर्षं निभावला. क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटपासून समुद्राकाठची बाग बसनं पंधरा मिनिटांवर आहे. तिथल्या बाकावर त्या पाण्याकडे पाठ करून बसायच्या आणि गाड्या लावायच्या जागेकडे बघत शेंगदाणे खायच्या. विमानतळावरून येताना टॅक्सी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली की डोळे मिटून घ्यायच्या. मला आधी वाटायचं, प्रवासानं थकल्या असतील.

ह्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं माहेर मालवणच्या बाजूचं, अगदी किनाऱ्यावरचं. वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबत त्यांच्या हुकमावर चालायचं. मंगळुरी कौलं भरून ते मुंबईकडे जायचे. सासूबाई बारा वर्षांच्या असताना वडिलांनी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, गाऱ्हाणं घातलं, दोन दिवसांनी निघाले आणि परत आले नाहीत. "नारळही घेतलान आणि माणूसही," एवढंच त्या सांगायच्या. पुढे कोणी काही विचारलं तर उठून भांडी लावायला लागायच्या. त्यानंतर त्यांनी समुद्राला कधी नारळ दिला नाही. श्रावणात आमच्याकडे नारळीभात व्हायचा, तोसुद्धा माझ्या हट्टानं.

अशा घरात माझ्या लेकीनं जाहीर केलं, की तिला जहाजावर अधिकारी व्हायचंय. ती सिंगापुरातच जन्मली आणि वाढली. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर इंग्रजीला हाक मारते आणि शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडते. "आजी, खिडकीतून बघ ना," ती म्हणाली होती, "अख्ख्या जगाची शिप्स इथे उभी आहेत. इट्स अ नॉर्मल जॉब, लाह."

"बँकेत जा, शाळेत शिकव, नाहीतर घरी बस. पाण्यावर जायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

लेक माझ्यावर गेलेली आहे, त्यामुळे तिनं ऐकलं नाही. शिक्षण संपवून ती पहिल्यांदा जहाजावर निघाली, तेव्हा आजीच्या पाया पडायला वाकली. सासूबाईंनी पाय मागे घेतले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की सासूबाई फोनच्या चौकटीबाहेर सरकून बसायच्या, पण हलायच्या नाहीत. सगळं कान देऊन ऐकायच्या.

त्यांचं वय शहात्तर, आणि हृदयात दोन स्टेंट. मी देवाकडे फारसं काही मागणारी बाई नाही, पण त्या तीन वर्षांत एकच मागितलं. ह्या दोघींनी एकदा समोरासमोर बोलावं, आणि तेही वेळेत.

लेक आता ग्रीसच्या बेटांमधून फिरणाऱ्या एका छोट्या आलिशान जहाजावर थर्ड ऑफिसर झाली होती. अधिकाऱ्यांच्या घरच्यांना एकदा सवलतीत प्रवास मिळतो. तिनं ऑगस्टमधल्या आठ दिवसांसाठी माझं, तिच्या बाबांचं आणि आजीचं नाव दिलं, मग मला फोन करून म्हणाली, "आई, तिला आण. शी शुड सी इट वन्स. नंतर नाही बोलली तरी चालेल." शेवटचं वाक्य खोटं होतं, हे मला कळलं.

सासूबाईंनी आठवडाभर नकार दिला. जेवताना, झोपताना, टीव्ही बघताना, मी विचारलं नाही तरी नकार दिला. आठव्या दिवशी वाटाणे सोलताना म्हणाल्या, "तिथे भात मिळतो का?" लग्नाला तीस वर्षं झाल्यामुळे ह्याचा अर्थ होकार असतो, हे मला माहीत होतं. मी लगेच तिकिटं काढली, न जाणो वाटाणे संपेपर्यंत मत बदलायचं.

आता माझी चूक सांगते. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांनी नियम वाचलेत की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. जहाजाच्या कंपनीनं नियमांची बावीस पानं पाठवली होती. सासूबाईंच्या वतीनं 'वाचले आणि समजले' ह्या चौकटीत मी खूण केली. त्यांना त्यातला एक शब्दही वाचून दाखवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. निघायच्या आदल्या रविवारी आम्ही लिटिल इंडियात गेलो, तर सासूबाई "तू पापड बघ" म्हणून एकट्याच एका दुकानात शिरल्या आणि कापडी पिशवी छातीशी धरून बाहेर आल्या. मला वाटलं, सुपारी असेल. डॉक्टरांनी बंद केली आहे.

जहाज पहिल्यांदा पाहिलं ते अथेन्सच्या बंदरात. आजूबाजूला चाळींएवढी उंच जहाजं उभी होती, आमचं त्यांच्यात लहान, पांढरं आणि शांत. आत गेलो तर कोणीतरी थंड, अत्तराचा वास येणारे पंचे हातात दिले. सासूबाईंनी तो पंचा नीट घडी करून परत दिला आणि "वापरला नाही हो" असं मराठीत सांगितलं. आमच्या दोन खोल्यांना मधून दार होतं. पलंगावर चार प्रकारच्या उशांची यादी ठेवलेली, न्हाणीघरात संगमरवर, आणि काचेच्या भिंतीबाहेर आमची स्वतःची बाल्कनी. अशा ठिकाणी मी एरवी तोंड वाकडं करून फिरते, पण इथे मी सरळ हरखून गेले. चादरीवरून हात फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिले.

खोलीची व्यवस्था बघणाऱ्या फिलिपिनो बाई बॅगा उघडून कपडे कपाटात लावायला आल्या. इथे ती पद्धत होती. सासूबाई आपल्या बॅगेवर चक्क बसल्या. "हिला सांग, माझ्या साड्या मी लावते." मी तसं सांगितलं. बाईंनी हसून मान डोलावली आणि जाताना आणखी दोन उशा ठेवून गेल्या.

माझा नवरा, तांडेलाचा सख्खा नातू, जहाज बंदरातून सुटता सुटताच आडवा झाला. ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून जोराचा वारा वाहतो. पुढचे चार दिवस तो डेकवरच्या एका आरामखुर्चीत, डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन, "अजून किती बेटं राहिली?" एवढाच प्रश्न विचारत होता.

सासूबाईंनी बाल्कनीचा पडदा लावून घेतला तो लावलाच. बाहेर जगातला सगळ्यात सुंदर समुद्र, आणि ह्या दिवा लावून जपमाळ ओढताहेत. लेक पहिल्या संध्याकाळी कामावरून सुटून खोलीत आली. पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्टी, केस घट्ट बांधलेले. दारात उभी राहून "आजी" म्हणाली. सासूबाईंनी वर पाहिलं, तिला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं, आणि मला म्हणाल्या, "बारीक झाली." माळ पुढे चालू. लेकीला रात्री पुन्हा पहाऱ्यावर जायचं होतं, ती निजायला गेली. मला तेव्हा सासूबाईंचा असा राग आला, की मी बाल्कनीत जाऊन दार आपटलं. ते काचेचं दार हळूच बंद होणारं होतं, त्यामुळे रागाचाही काही उपयोग झाला नाही.

मग एकटीच बघत राहिले. काय सांगू, तसलं निळं मी पाहिलं नव्हतं. आमच्या सिंगापूरचा समुद्र हिरवट, ढगांखालचा, जहाजांनी भरलेला. इथे पाण्याचा तळ स्वच्छ दिसत होता आणि काठाजवळ ते पाणी निळ्या काचेच्या बांगडीसारखं चमकत होतं. बेटं उघडीबोडकी, तपकिरी, झाड औषधाला नाही. आणि त्या उघड्या दगडांवर कोणीतरी एक पांढरं देऊळ बांधून ठेवलेलं, मुठीएवढं. तिथपर्यंत चुना कोणी नेला असेल, ह्याचाच विचार मी दोन दिवस करत होते.

डेलोस नावाच्या बेटावर आम्हाला नेलं. तिथे हजारो वर्षांपूर्वीचे संगमरवरी सिंह उन्हात ओळीनं बसलेत. वाटाड्यानं सांगितलं, की हे बेट इतकं पवित्र मानलं जायचं की इथे कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही असा कायदा होता. गरोदर बायकांना आणि आजाऱ्यांना शेजारच्या बेटावर हलवायचे.  खोलीत येऊन मी हे मोठ्या भक्तिभावानं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिथे राहायचं तरी कशाला?"

चौथ्या दिवशी जहाज समोरच्या तुर्की किनाऱ्याला लागलं. तिथे धक्क्याला पायऱ्या होत्या, पाण्यातून जायचं नव्हतं, म्हणून सासूबाई खाली उतरल्या. बसनं आम्हाला इफिसस ह्या जुन्या शहराच्या अवशेषांपाशी नेलं. नऊवारी नेसलेल्या सासूबाई संगमरवराच्या त्या रुंद रस्त्यावरून काठी टेकत चालत होत्या आणि सगळ्या देशांचे लोक त्यांचे फोटो काढत होते. एका ठिकाणी दोन्ही बाजूंच्या खांबांमधून सरळ जाणारा रस्ता एकदम झुडपांमध्ये संपला. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, की हा बंदराचा रस्ता. इथे जहाजं लागायची.

सासूबाईंनी थांबून चहूकडे पाहिलं. पाणी कुठेच नव्हतं. "विचार तिला, समुद्र गेला कुठे?"

बाईंनी सांगितलं, नदीनं गाळ आणला, वर्षानुवर्षं आणला, बंदर भरलं आणि समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेला. एवढं मोठं शहर, पण समुद्र गेल्यावर लोकही गेले. मी मराठीत सांगत होते आणि सांगताना मलाच कसंतरी होत होतं. इतके खांब, इतकी घरं, आणि समोर नुसता लव्हाळ्यांचा माळ.

सासूबाईंनी काठीनं रस्त्याचा शेवटचा दगड ठोकून पाहिला. "म्हणजे त्याचंही सगळीकडे चालत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली. किनारा आला तेव्हा डोळे मिटले नाहीत. मी काही बोलले नाही, बोलले असते तर मिटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज सॅन्टोरिनीला शिरणार होतं. लेकीनं बजावलं होतं, की साडेआठला काहीही करून वरच्या डेकवर ये. मी निघाले तेव्हा सासूबाई अंघोळ करून, काठापदराची साडी नेसून बसल्या होत्या. "सण आहे का आज?" मी विचारलं. "तू जा, तुला उशीर होईल," त्या म्हणाल्या. सिंगापूरहून आणलेली खिशात मावेल अशी दिनदर्शिका त्यांच्या मांडीवर होती. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आणि मग ते दृश्य. तिथे पूर्वी एक डोंगर होता. तो पेटला, फुटला, आत कोसळला, आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. त्या खड्ड्यात आमचं जहाज हळूहळू जात होतं. दोन्ही बाजूंना पाण्यातून सरळ वर गेलेले कडे, काळा थर, लाल थर, राखेचा थर, जणू पृथ्वी चिरून ठेवली आहे. आणि अगदी वर, कड्याच्या काठावर, सांडलेल्या मिठासारखी घरं. डेकवर शंभरएक माणसं होती, पण कोणी बोलत नव्हतं. लेकीनं सांगितलं होतं की इथे पाणी इतकं खोल आहे की नांगर तळाला पोचत नाही, मोठी जहाजं तशीच तरंगत थांबतात. मी कठडा धरून खाली पाहिलं. एवढ्या मोठ्या आगीच्या जागेवर आपण कॉफीचा कप धरून उभे आहोत, ह्याची लाजच वाटली. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर एकच परका शब्द तीनदा उच्चारला गेला, मग जहाजाची एक बाजू सांगितली. कर्मचारी धावायला लागले. एकानं बुडणाऱ्याला धरायचं, धूर सोडणारं लाल कडं पाण्यात फेकलं. जहाजाचा आधीच मंद असलेला आवाज बदलला आणि पायाखालचा डेक वळायला लागला. शेजारच्या एका ऑस्ट्रेलियन बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, "माणूस पाण्यात पडला की असं सांगतात."

माझ्या डोळ्यांसमोर नवरा आला, कठड्यावर वाकून ओकणारा. मी धावत त्याच्या खुर्चीपाशी गेले. तो तिथेच होता, रुमालाखाली. मी त्याला इतक्या जोरात मिठी मारली, की तो "आता काय केलं मी?" म्हणाला. सगळ्यांनी आपापल्या खोलीत जावं, मोजणी होणार आहे, असा हुकूम आला. मी नवऱ्याला हाताला धरून खाली आणलं.

खोलीचा पडदा पूर्ण उघडा होता. सासूबाई बाल्कनीत, हात जोडून उभ्या होत्या. कठड्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती आणि काचेच्या मेजावर नारळाच्या शेंडीचे चार धागे पडलेले होते.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही काय केलंत?"

"आज नारळी पौर्णिमा," त्या म्हणाल्या. "नारळ दिला."

 पाण्यात साधा कागदी रुमालही टाकायचा नाही, टाकल्यास पुढच्या बंदरात सामानासकट उतरवण्यात येईल, असं त्या बावीस पानांत ठळक अक्षरात होतं. ते पुढचं बंदर समोरच दिसत होतं.

दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. एक उंच सुरक्षा अधिकारी आणि त्याच्या शेजारी वही घेतलेली माझी लेक. चेहरा पांढराफटक, पण पाठ ताठ. पुढचं मला तिच्याकडून नंतर कळलं ते इथेच सांगते. जहाजाच्या दोन्ही अंगांना कॅमेरे असतात. वरून काही पाण्यात पडलं, की जहाज जिथून चालवतात त्या ब्रिज नावाच्या खोलीत घंटा वाजते. तिथे तेव्हा पहारा तिचा होता. पडद्यावर काहीतरी गोल पडताना दिसलं, आणि एका बाल्कनीत उडालेला साडीचा पदर. त्या जहाजावर साडी नेसणारी एकच बाई होती. पण गोल वस्तूबरोबर किंवा वस्तूनंतर माणूसही पडला की नाही, हे काही तिला दिसत नव्हतं. तिनं आधी जहाज थांबवायला लावलं, आणि मग कॅप्टनला सांगितलं की ती खोली माझ्या आजीची आहे. समुद्रपक्षी झेपावला तरी ती घंटा वाजते. ती पक्षी म्हणू शकली असती. घंटा बंद झाली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं.

जहाजाच्या माणसांत मराठी येणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून कॅप्टननं तिलाच पाठवलं होतं. सुरक्षा अधिकारी प्रश्न विचारत होता, लेक मराठीत सांगत होती आणि उत्तर इंग्रजीत लिहीत होती. तीन वर्षांनी दोघी बोलत होत्या, त्या अशा.

"आजी, तू नारळ फेकलास?"

"फेकला नाही. वाहिला. गाऱ्हाणं घातलं."

"गाऱ्हाणं म्हणजे काय लिहू?"

सासूबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं आणि ते गाऱ्हाणं त्यांच्या माहेरच्या बोलीत पुन्हा म्हणून दाखवलं. "बा दर्या म्हाराजा, आज तुझो मान तुका दिलंय. माझी नात तुझ्या अंगाखांद्यावर खेळता हा. तिची राखण कर रे म्हाराजा."

लेकीची लेखणी थांबली. मालवणी तिला येत नाही, पण नात हा शब्द तिला येतो.  अधिकाऱ्यानं विचारलं, "काय म्हणताहेत?" तिनं सांगितलं, की त्यांनी समुद्राकडे एक अर्ज केला आहे. अधिकाऱ्यानं 'अर्ज' असं लिहून घ्यायला सांगितलं.

"हे तुझ्या नावावर जाईल का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"रिपोर्टमध्ये जाईल. लिहावंच लागतं, आजी."

"मग पक्षी पडला म्हणायचं होतंस."

"आज पक्षी म्हटलं, आणि उद्या खरंच कोणी पडलं आणि तेव्हापण मी पक्षीच समजले तर?"

 सासूबाईंनी हळूच विचारलं, "कोणी पडलं तर तुम्ही जहाज थांबवता?"

"थांबवतो. वळवतो. मग शोधतो."

"एका माणसासाठी? एवढं मोठं जहाज?"

"एकाच माणसासाठी, आजी. आत्ता तर नारळासाठी थांबवलं."

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. हात मांडीवर, नजर बाहेर, त्या काळ्या कड्यांवर. मला वाटलं, छातीत दुखायला लागलं. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

कॅप्टननं दीड तास घेतला. तोवर मी साड्या बॅगेत भरून ठेवल्या होत्या. आम्हाला उतरवलं तर त्या दोघींचं बोलणं एवढ्या प्रश्नोत्तरांवरच संपणार होतं, आणि परतीचं विमान पकडताना सासूबाई पुन्हा डोळे मिटून घेणार होत्या, ह्याची मला खात्री होती. मी चिडले होते, पण स्वतःवर. शेवटी एक छापील पत्र आलं. लेखी ताकीद, पुन्हा काही पडलं तर उतरावं लागेल, आणि बाल्कनीचं दार प्रवास संपेपर्यंत कुलूपबंद. खाली कॅप्टननं हातानं एक ओळ लिहिली होती, की आपली नात पहाऱ्यावर असते तेव्हा मी निश्चिंत झोपतो. मी ती वाचून दाखवली. सासूबाईंनी पत्र मागून घेतलं, इंग्रजी येत नसताना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोथीत घालून ठेवलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जहाज एका लहानशा बेटासमोर थांबलं. तिथे मोठा धक्का नव्हता, जहाजाच्याच छोट्या बोटीतून किनाऱ्याला जायचं होतं, आणि बोटीचं सुकाणू त्या दिवशी लेकीकडे होतं. मी पायांत चपला अडकवत होते, तर सासूबाई काठी घेऊन उभ्या. "येते मी," त्या म्हणाल्या. नवरा उठून बसला. त्याच्या आईला त्यानं आयुष्यात बोटीत बसताना पाहिलं नव्हतं.

बोट हलत होती. दोन खलाशांनी सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून आत घेतलं. त्या सगळ्यात पुढे, सुकाणूच्या शेजारच्या फळीवर बसल्या. मी आणि नवरा त्यांच्या मागे. पंधरा-वीस माणसं चढली आणि बोट सुटली. पाणी हाताच्या अंतरावर होतं, तेच निळं, आणि उन्हात त्याचा तळ दिसत होता. सासूबाईंनी पदर खोचला आणि पाण्याकडे बघत राहिल्या. मग कोणी विचारलेलं नसताना बोलायला लागल्या.

"बाबांबरोबर आणखी दोन गलबतं होती. वादळात बाबा पाण्यात पडले, ते त्या दोन्ही गलबतांवरच्यांनी पाहिलं होतं. ओरडत होते म्हणे. त्यातला एक म्हातारा नंतर आमच्या पडवीत येऊन बसला आणि रडला. म्हणाला, आम्ही गलबत वळवलं नाही. वळवलं असतं तर आमचंही गेलं असतं." त्या थांबल्या. "आईनं त्याला चहा दिला. मी दिला नसता."

मी तीस वर्षं ह्या बाईची सून आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो आईच्या पाठीकडे बघत होता. सासूबाईंचा अबोला समुद्राशी कधी नव्हताच. जी माणसं वळली नाहीत, त्यांच्याशी होता. आणि आपली नातही त्यांच्यासारखीच होईल, ही भीती त्यांनी तीन वर्षं मुठीत धरून ठेवली होती.

"बाबांना कोणी शोधलंच नाही गं," त्या लेकीला म्हणाल्या.

लेकीनं सुकाणूवरचा हात काढला नाही, पण मान वळवून आजीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "मी वळवलं असतं, आजी," ती म्हणाली.

"ते मी काल बघितलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या गणवेशाची चुरगळलेली बाही ओढून सरळ केली. "पुढे बघून चालव. लोक बसलेत."